प्रकरण चौदावे : चिऊने खातं बंद केलं

चित्र पहिले. *डावीकडून : वहिनी, दादा, (बाकावर) आई, आत्या, आणि बऱ्याच अंतरावर चिऊ. मधे एक जाडजूड माणूस आरामात मावेल.*

"चिऊ, आत सरक," मधला भाऊ कॅमेऱ्यामागून म्हणाला.

"सरकले."

"अजून."

"दादा सरकू देईल तर ना."

"तो त्या टोकाला आहे, तू या टोकाला. तो काय अडवतोय तुला?"

"नजरेनं अडवतोय."

दादा म्हणाला, "मी समोर बघतोय. कॅमेऱ्यात बघा म्हणालास, कॅमेऱ्यात बघतोय. आमच्याकडे सांगितलेलं काम होतं."

"आमच्याकडे म्हणजे घरी की बँकेत?" वहिनीने विचारलं.

दर पाच वर्षांनी एक फोटो, याच बाकावर. पद्धत बाबांनी पाडली. स्टुडिओ त्यांचा होता, आता मधल्याचा. यंदाचा नववा. कोणी कुठे उभं राहायचं त्याच्या चिकटपट्टीच्या खुणा जमिनीवर आहेत. मागच्या वेळी बाबांच्या खुणेवर कोणी उभं राहिलं नव्हतं. या वेळी आईने आल्या आल्या वाकून ती पट्टी नखाने उचकटली, गोळी करून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाली, "त्यांना तसंही पुढे पुढे करायला आवडायचं नाही. चला, उरका."

मधल्याला भिंगातून ती मोकळी जागा दिसत होती. लग्नाचे, पदवीदानाचे, घटस्फोटाआधीचे शेवटचे, असे सगळे फोटो त्याने काढलेत. दोन माणसांमध्ये किती बोटं अंतर राहिलं की भांडण किती जुनं, हे तो बिनचूक सांगतो. चिऊचं आणि दादाचं भांडण तीन दिवसांचं होतं. गुरुवारचं.

त्याने बटण दाबलं. फोटोत पाचही जण आपापल्या घरी एकेकटे बसल्यासारखे आले.

◦

गुरुवारी दुपारी तीन वाजता चिऊ चौकातल्या शाखेत गेली. दोन नंबरच्या खिडकीवर पासबुक ठेवलं, खातं बंद करायचा अर्ज दिला, सही केली आणि निघाली. त्या शाखेचा व्यवस्थापक दादा. काचेच्या केबिनमध्ये तो खिडकीपासून बारा पावलांवर बसला होता, जेवणाचा डबा धुऊन पुसत होता. चिऊने मान वर केली नाही.

दादाला हे चार वाजता कळलं, दोन नंबरच्या खिडकीवरच्या मुलीकडून. "सर, मॅडमनी कारण लिहिलं नाही. कारणाच्या रकान्यात नुसती रेघ मारली."

खातं गेल्याचं त्याला काही नव्हतं. महिन्याला पन्नास खाती बंद होतात आणि साठ उघडतात. पण हे खातं तिला त्याने स्वतः उघडून दिलं होतं, ती शाळेत असताना. फॉर्मवरचा तिचा फोटो बाबांनी काढला होता, दोन वेण्या आणि डोळे मिटलेले. दुसरा काढू म्हटलं तर ती म्हणाली होती, हाच राहू दे, बँकेला काय करायचंय माझ्या डोळ्यांचं.

आता तिला बँकांचे डोळे तपासायची नोकरी होती. देशातल्या सगळ्या बँकांवर देखरेख करणारं जे कार्यालय आहे, त्यात चिऊ बसते. ती कुठल्या बँकेतून निघाली, की बाकीच्यांनी चपला शोधाव्यात, एवढं साधं गणित आहे. दादाने ते बायकोला सांगितलं. वहिनीने आत्याला सांगितलं. आणि आत्याच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळात बावीस बायका आहेत.

दादा म्हणतो, मी फक्त बायकोला सांगितलं.

◦

चित्र दुसरे. *डावीकडून : दादा (एकटा), आई, आत्या, वहिनी. वहिनी आत्याच्या खांद्याला खांदा लावून. चिऊ फोटोच्या कडेला निम्मी.*

"उद्या दहा वाजता," आत्या जाहीर करत असल्यासारखी म्हणाली. "शाखा उघडली की मी पहिली. सगळं काढून घेणार."

"आत्या, हसा जरा," मधला म्हणाला.

"हसतेय की. माझं चाललंय ते हसून चाललंय. मंडळाला कालच निरोप दिला. आवाजाचा निरोप, लिहायला मला चष्मा लागतो. सोमवारी दहा, पासबुक घेऊन."

दादाचा चेहरा पडला. "बावीस जणी?"

"एकोणीस. तिघींचे गुडघे धरलेत."

"आत्या, एकोणीस बायका दारात रांग लावून उभ्या राहिल्या, की साडेदहाला रस्त्यावरचा माणूस विचारतो रांग कसली. अकराला तोच रांगेत असतो. बँक कितीही धट्टीकट्टी असली तरी असं झाल्यावर ती आजारी पडते. माझी शाखा दोन दिवसांत रिकामी होईल."

"मग तुझ्या बहिणीला सांग ना बोलायला. मी काय ज्योतिषी आहे? तिने काढले, मी काढते."

सगळे चिऊकडे बघायला लागले. मधल्याने दुसरा फोटो काढला तो याच वेळी, आणि त्यात कोणीच कॅमेऱ्याकडे बघत नाही.

"चिऊ," वहिनी म्हणाली. ती दातांची डॉक्टर आहे. "आमच्याकडे तोंड उघडल्याशिवाय निदान होत नाही गं."

"मला बोलता येत नाही, वहिनी."

"दुखतंय का?"

"नियम आहे."

"हेच. नियम आहे म्हणतात तेव्हा दुखत असतं."

◦

चिऊच्या डोक्यात वाक्यं तयार होत होती आणि तिथल्या तिथे मरत होती.

*दादाची बँक चांगली आहे, आत्या.* नाही. कुठल्याही बँकेला चांगलं म्हणायचं नाही. एकीला चांगलं म्हटलं की जिच्याबद्दल आपण गप्प बसलो ती वाईट ठरते.

*बुधवारपर्यंत थांब.* नाही. आत्या विचारणार, बुधवारी काय बुडणार आहे.

*मी वेगळ्याच कारणासाठी बंद केलं.* कोणत्या?

आणि कारण तर उघड होतं. इतकं उघड की कार्यालयाच्या संकेतस्थळावर टांगलेलं होतं. बँकांची तपासणी दरवर्षी होते, पण तपासणीत काय सापडलं ते आजवर कपाटात जायचं. चिऊ चार वर्षं कार्यालयात एकच भांडण भांडली, की लोकांना सांगा, ज्यांचे पैसे आहेत त्यांना सांगा. साहेब म्हणायचे, लोक घाबरतील. ती म्हणायची, लोक आत्ताही घाबरतात, फक्त चुकीच्या गोष्टीला घाबरतात. शेवटी ती जिंकली. येत्या बुधवारी अकरा वाजता प्रत्येक बँकेचा निकाल पहिल्यांदा जाहीर होणार होता. आणि ज्यांना तो आधी माहीत आहे त्यांच्यासाठी ही सूचना लागली होती :

> प्रकाशनपूर्व माहिती ज्यांच्या अवलोकनात येते अशा सर्व अधिकारी व कर्मचाऱ्यांनी अहवालात समाविष्ट असलेल्या कोणत्याही बँकेत धारण केलेली खाती प्रकाशन दिनांकाच्या किमान तीन कार्यदिवस अगोदर संपुष्टात आणावीत.

हे साहेबांचं मराठी. चिऊने लिहिलं होतं, "ज्याला निकाल आधी कळतो, त्याचा त्या बँकेत पैसा नको." साहेब म्हणाले, हे फारच समजतंय.

सूचना लागून महिना झाला होता. आतापर्यंत ती नऊ वेळा वाचली गेली होती. त्यातली पाच वेळा चिऊ स्वतः होती.

ती म्हणाली, "मी फक्त दादाच्या बँकेतलं बंद केलं नाही. तीन बँकांत खाती होती. तिन्ही बंद केली. गुरुवारीच. सगळा दिवस त्यातच गेला."

चिऊला वाटलं, सुटले.

"तीन," आत्या म्हणाली. "अगं आई गं. तिन्ही बुडतायत?"

आई इतका वेळ बाकावर नीट बसून होती, कारण तिला सांगितलं होतं हलू नकोस. आता तिने मान वळवली. "माझं पेन्शन कुठल्या बँकेत येतं रे?"

"आई, तू हलू नकोस," मधला म्हणाला.

"तीनपैकी आहे का तेवढं सांगा, मग नाही हलत."

चित्र तिसरे. *हलल्यामुळे वाया. आईच्या दोन माना आल्या आहेत.*

◦

मधल्याने दिवे विझवले. दिव्यांनी सगळ्यांना घाम फुटला होता आणि घामेजलेली माणसं फोटोत अपराधी दिसतात. त्याने खिडकी उघडली, पाण्याचा जग आणला. मोबाइलवर ती सूचना शोधून काढली आणि मोठ्याने वाचली. एकदा. दुसऱ्यांदा वाचताना "धारण केलेली" ला वहिनीला हसू फुटलं.

"म्हणजे काय ते माणसाच्या भाषेत सांग," दादा म्हणाला. तीन दिवसांत तो पहिल्यांदाच थेट चिऊशी बोलत होता.

चिऊने सांगितलं. ज्याला निकाल आधी कळतो, त्याचा त्या बँकेत पैसा नको. कुठल्याच बँकेत. चांगल्या असोत, वाईट असोत.

"मग मला आत येऊन हे सांगायला काय झालं होतं? बारा पावलं. मी डबा पुसत होतो."

"बघितला मी डबा."

"मग?"

चिऊने ग्लास खाली ठेवला. "दादा, निकाल मला दोन आठवड्यांपासून माहीत आहे. सगळ्यांचा. तुझ्या बँकेचासुद्धा. मी आत आले असते आणि तू विचारलं असतंस, काय गं, कशी काय आलीस, तर मी काहीही उत्तर दिलं असतं तरी तू माझं तोंड बघून ओळखलं असतंस. लहानपणी फूटपट्टी मोडल्याचं ओळखायचास, चष्मा हरवल्याचं ओळखायचास. आणि तुला कळलं की तुझ्या हाताखालच्या मुलीच्या आधी कळलं, आत्याच्या आधी कळलं, रस्त्यावरच्या माणसाच्या आधी कळलं. मग मी चार वर्षं भांडले कशाला?"

"म्हणून टोकाला उभी होतीस."

"तुझ्याकडे बघायचं नव्हतं."

दादाला इतकं बरं वाटलं. त्याने मधल्याच्या हातातला जग घेतला आणि तिचा ग्लास, तो भरलेला असतानाच, पुन्हा भरला. पाणी सांडलं.

"माझ्या पडद्यावर नको," मधला म्हणाला.

◦

आत्याचं कुणाकडे लक्ष नव्हतं. ती बाकावर बसून पायातला बूट काढून पुन्हा घालत होती.

तिला तात्यामामा आठवत होता, बँकेत कारकून असलेला. छत्तीस वर्षांपूर्वी तो दुपारी जेवायला आला, घास तोंडात असताना म्हणाला, आजच्या आज पैसे काढा, कोणाला बोलू नका. घरातल्यांनी काढले. त्याच संध्याकाळी आत्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीकडे कोटाचं माप द्यायला गेली. मैत्रीण मापं घेत होती, तोंडात टाचण्या धरून सांगत होती की नवं मशीन घेणार आहे, पैसे जमलेत, त्याच बँकेत आहेत. आत्या हात पसरून उभी होती. बोलली नाही. मामाला शब्द दिला होता.

चौथ्या दिवशी बँकेचं दार बंद झालं. मैत्रिणीला पैसे मिळाले, पण अकरा वर्षांनी, तुकड्यातुकड्यांत. कोट मात्र तिने वेळेवर दिला, आणि तो अगदी अंगासरशी बसला. आत्याने तो एकदाही घातला नाही. घरात सगळे समजत होते रंग आवडला नसेल.

"चिऊ," आत्या म्हणाली, "मी तुला आत्ता बाजूला घेतलं, त्या आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, आणि शपथ घालून विचारलं, ठेवू की काढू. तर?"

"नाही सांगणार, आत्या."

"मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय."

"तरी नाही."

"तुझ्या आईला?"

"तिलाही नाही. पेन्शन असलं तरी."

"ऐकलं," आई म्हणाली.

"आणि बुधवारी?"

"बुधवारी अकराला सगळ्यांना एकदम. तुला, तुझ्या मंडळाला, दादाला, त्याच्या बँकेच्या अध्यक्षांना. त्यानंतर काय वाटेल ते विचार. जेवढा वेळ ऐकशील तेवढा वेळ सांगेन."

"अध्यक्षांनापण अकराला?"

"त्यांचे दोष त्यांना आधीच दाखवलेत, सुधारायला. पण श्रेणी कुठली मिळाली ते अकरालाच."

आत्याने बुटाची नाडी बांधली. दुहेरी गाठ मारली. "त्या मामाला असं कोणी शिकवलं असतं तर," एवढंच म्हणाली, आणि पर्समधून मोबाइल काढून तोंडासमोर आडवा धरला, बिस्किट खायला धरतात तसा.

"मंडळी, मी बोलतेय. उद्याचं रद्द. कारण सांगते. माझ्या भाचीला सगळं माहीत आहे, आणि ती मला काहीही सांगत नाहीये. मी रागावून बघितलं, लाडीगोडी लावून बघितली. आईलासुद्धा सांगत नाही. म्हणजे आपल्या आधी कोणी मागच्या दाराने पैसे काढून नेत नाहीये. म्हणून मी निश्चिंत आहे. बुधवारी अकराला सगळ्यांना एकदम कळणार आहे. तेव्हा शाखेत जमू. पासबुक आणा, पण पिशवीतच ठेवा."

तिने बोट उचललं. निरोप गेल्याचा आवाज आला.

"आमच्या कार्यालयाला चार वर्षं लागली हे लिहायला," चिऊ म्हणाली. "आणि तरी जमलं नाही."

"तुमच्या साहेबांना पाठव. फुकट."

"थांबतील का पण सगळ्या?" दादाने विचारलं.

"मला काय माहीत? तू पण थांब. बुधवारपर्यंत."

चित्र चौथे. *डावीकडून : वहिनी, आत्या, दादा, (बाकावर) आई, चिऊ. दादाचा हात बाकाच्या मागून चिऊच्या खांद्यावर. चिऊ मुद्दाम वर छताकडे बघते आहे. हाच फोटो फ्रेम झाला.*

◦

सोमवारी तिघी आल्या. दादा केबिनमधून बघत होता. दोघींनी पासबुकात नोंदी छापून घेतल्या आणि गेल्या. तिसरीने खरंच पैसे काढले, पण सगळे नव्हेत. जाताना केबिनच्या दारात थबकली. "मला आत्यांचं पटलंय हो," म्हणाली, "पण आमचे हे घाबरट आहेत." मंगळवारी कोणी नाही. दादाने दोन दिवस डबा तसाच परत नेला.

बुधवारी पावणेअकराला आत्या अकरा जणींना घेऊन शाखेत शिरली. खुर्च्या चारच होत्या. उरलेल्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, सगळ्यांच्या पायात फिरायला जायचे बूट. दादा केबिनमधून बाहेर आला. आज आत बसून राहणं बरं दिसलं नसतं.

"तुला काही कळलं का?" आत्याने हळूच विचारलं.

"नाही."

"खरंच?"

"तुझी भाची आहे ती."

अकरा वाजता पान उघडेना. अकरा वाजून एक मिनिटाने गोल गोल फिरत राहिलं. दोन नंबरच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, सर, माझ्याकडे उघडलं. मग सगळ्यांकडे उघडलं, आणि शाखेत एकच हूं असा आवाज झाला.

"दुसरी श्रेणी," मुलीने वाचलं. "चारपैकी दुसरी."

"दुसरी म्हणजे पास ना?" मागून कोणीतरी विचारलं.

"पास," दादा म्हणाला. त्याने श्वास सोडला तो चारही खुर्च्यांना ऐकू गेला असावा.

"मग पहिली का नाही?" आत्या म्हणाली.

आत्याने मोबाइल लावून काउंटरवर ठेवला, आवाज मोठा करून. पलीकडे चिऊ. मागे तिच्या कार्यालयात फोनच फोन वाजत होते.

"आता बोलता येतं का तुला?"

"आता येतं, आत्या. विचार."

"तू थांब. आधी हा वाचू दे. दादा, मोठ्याने. पहिली का नाही ते."

दादाने पान वर सरकवलं. ग्राहकांसमोर बँकेचे दोष वाचायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्याने घसा साफ केला. "भांडवल पुरेसे आहे. कर्जवाटपात शिस्त आहे."

"ते चांगलं झालं. ते ठेव बाजूला. दोष."

"दोष एक. ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर द्यायला सरासरी एकोणीस दिवस लागतात."

"माझ्या तक्रारीला सव्वीस लागले," खुर्चीवरची एक जण म्हणाली. "कार्ड अडकलं होतं."

"सव्वीस," दादाने कबूल केलं. "आठवतंय मला. चूक आमची होती."

हे तो बोलला तेव्हा दोन नंबरच्या खिडकीवरची मुलगी काम थांबवून बघत राहिली.

"दोष दोन. शाखा व्यवस्थापक ग्राहकांशी फारसे बोलत नाहीत, केबिनमध्ये बसून राहतात, असे अनेक ठिकाणी आढळले."

भिंतीकडून एक जण हसली, आणि ते हसू खुर्च्यांपर्यंत आलं. शेवटी दादालाही आवरेना. काउंटरवरच्या मोबाइलमधून चिऊ हसत होती.

"चिऊ, हे वाक्य तू लिहिलंस?"

"मी नाही लिहिलं, दादा. शपथ. पण खोडलंही नाही."

"बरं केलंस," दादा म्हणाला, आणि एका उभ्या बाईला केबिनमधली आपली खुर्ची आणून दिली.

"आता पुढे वाच," आत्या म्हणाली.